सोवळ्याचा आडोसा: 'स्मृतिचित्रे' आणि मनाच्या संरक्षण-यंत्रणा

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'विषयी आमच्या धर्मग्रामांतून बहुधा दोन प्रकारे बोलले जाते. शाळेत असताना त्यातला एखादा उतारा वाचलेली मंडळी त्यातील विनोदाची आठवण काढतात. प्रवचनकार त्यातील धर्मांतराची. हसू आणि साक्ष यांच्या मध्ये या पुस्तकात जे पुष्कळ काही आहे, ते वाचावयाचे राहून जाते. प्रस्तुत लेखात आम्ही हे आत्मचरित्र एका निराळ्या प्रश्नाच्या उजेडात वाचू इच्छितो. असह्य भीतीपुढे, दुःखापुढे वा अपराधभावनेपुढे माणसाचे मन स्वतःचा बचाव कसा करते, आणि त्या बचावाचे मोल शेवटी कोणाला द्यावे लागते, हा तो प्रश्न होय.

धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी मानसशास्त्राच्या वाटेस का जावे, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. तिचे उत्तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच देऊन ठेवले आहे. आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या संविधानात, कलम ६२ मध्ये, परिषद सांगते की मेषपालकीय कार्यात केवळ ईशज्ञानाची तत्त्वे पुरेशी मानू नयेत. मानसशास्त्र व समाजशास्त्र यांच्या निष्कर्षांचाही योग्य तो उपयोग करावा. 'योग्य तो' कोणता, हे मात्र आपले आपण ठरवावयाचे आहे. या लेखाचा रोख त्याच दिशेने आहे.

प्रथम संकल्पना थोडक्यात पाहू. सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९४ मधील एका निबंधात 'बचाव' या अर्थाचा शब्द प्रथम योजला. त्याची पद्धतशीर मांडणी केली ती त्यांची कन्या अ‍ॅना फ्रॉइड यांनी. पित्याच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या वर्षी, १९३६ मध्ये, त्यांचा 'अहं आणि संरक्षण-यंत्रणा' या विषयावरील ग्रंथ निघाला. मनाला न पेलणारी गोष्ट जाणिवेबाहेर ढकलणे म्हणजे दमन. आपल्या मनातील नकोसा भाव दुसऱ्याच्या माथी मारणे म्हणजे प्रक्षेपण. एकावरचा राग वा भय दुसऱ्याच वस्तूवर उतरविणे म्हणजे विस्थापन. जे घडले ते न घडल्यासारखे व्हावे म्हणून काही कृती पुनःपुन्हा करीत राहणे, हीही एक यंत्रणाच. आमच्या म्हणींना यातले बरेचसे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. वड्याचे तेल वांग्यावर निघते ते विस्थापन. नाचता येईना म्हणून अंगण वाकडे ठरते ते युक्तिकरण. अ‍ॅना फ्रॉइड यांनी या लोकज्ञानात जी मोलाची भर घातली ती अशी की, हा बचाव लबाडी नव्हे. तो करणाऱ्याला आपण तो करीत आहोत याचा पत्ता नसतो. शिवाय तो प्रत्येक निरोगी मनाचाही नित्याचा उद्योग आहे. पाऊस आला की माणूस आडोसा शोधतो, तसेच हे.

आता 'स्मृतिचित्रे'कडे वळू. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र लेखिकेच्या जन्माच्याही आधीच्या एका घटनेपासून सुरू होते. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली. त्या घटनेचा जबर धक्का त्यांच्या वडिलांना, म्हणजे फाशी गेलेल्याच्या जावयाला, बसला. आणि त्या धक्क्यातून ते उठले ते सोवळ्याचे वेड घेऊन. बाहेरून आलेली प्रत्येक जिन्नस धुतल्यावाचून घरात यावयाची नाही, असा कडक कायदा नाशिकजवळच्या जलालपूरच्या त्या घरात सुरू झाला. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. फाशीला तेव्हा अकरा वर्षे लोटली होती, पण घरातले धुणे थांबले नव्हते.

दिवंगत माणसाच्या मनाची चिकित्सा करण्याचा अधिकार आम्हांला नाही. आमच्यासमोर आहे ती एका लेकीने लिहिलेली संहिता. परंतु त्या संहितेत संरक्षण-यंत्रणेची रचना इतकी स्वच्छ दिसते की पाठ्यपुस्तकाला याहून चांगले उदाहरण मिळू नये. सरकार जवळच्या माणसाला फासावर चढविते. उद्या ते आपल्याही दारी येईल. या भीतीवर त्या गृहस्थांना काहीच इलाज करता येण्याजोगा नव्हता. विटाळावर मात्र इलाज होता. विटाळ पाण्याने जातो. मग ज्याच्यावर उपाय नाही ते भय, ज्याच्यावर उपाय आहे त्या विटाळात उतरले. हे विस्थापन झाले. आणि धुणे कधीच पुरे होईना, कारण जे धुवावयाचे होते ते वस्तूंवर नव्हतेच. अशी कृती पुनःपुन्हा करावी लागते, हीच तिच्या निष्फळतेची खूण.

इथवर मानसशास्त्र आपल्याला नीट आणून सोडते. परंतु पुस्तक इथे थांबत नाही. लक्ष्मीबाई वडिलांच्या मनाचे वर्णन करीत बसत नाहीत. त्या वडिलांच्या सोवळ्याने आईचे आणि मुलांचे काय झाले ते सांगतात. पाणी कोणी ओढले, धुणे कोणी धुतले, बोलणी कोणी खाल्ली, धाक कोणाच्या उरात राहिला, ते सांगतात. बचाव वडिलांचा झाला. त्याचे मोल आईने भरले. ज्या दृष्टीने लेखिका हे सर्व पाहते, ती दृष्टी आम्हांला शास्त्रीय वर्गीकरणाहून अधिक खोल वाटते.

या वर्गीकरणाविषयी थोडे सांगणे भाग आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी १९७७ मधील आपल्या ग्रंथात संरक्षण-यंत्रणांची एक चढती उतरंड मांडली. अगदी तळाशी वास्तवाचा समूळ इन्कार करणाऱ्या, त्यावर अपरिपक्व, त्यावर मज्जाविकृतीशी संबंधित, आणि सर्वांत वर परिपक्व. या शेवटच्या गटात परोपकार, विनोद, उदात्तीकरण, आगामी संकटाची आगाऊ मानसिक तयारी आणि जाणीवपूर्वक निग्रह अशा पाचांचा समावेश होतो. हार्वर्ड विद्यापीठातील २६८ विद्यार्थ्यांचा १९३८ पासून दशकानुदशके चाललेला अभ्यास या मांडणीच्या पाठीशी आहे. तिची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाही. एकच यंत्रणा आयुष्यभर टिकते असे नाही, वयाबरोबर माणूस खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर येऊ शकतो, हे व्हेलंट यांचे प्रतिपादन प्रत्येक धर्मगुरूला धीर देणारे आहे.

तथापि या उतरंडीवर आमचा एक आक्षेप आहे. ती यंत्रणेचा प्रकार पाहते. यंत्रणेचे बिल कोणाच्या नावे फाटते ते तितक्या निरखून पाहत नाही. अभ्यासाचे विषय झालेले ते सर्व विद्यार्थी पुरुष होते, ही गोष्टही येथे विसरून चालणार नाही. परोपकार परिपक्व खरा. पण घरी बायकोमुलांच्या तोंडचा घास काढून बाहेर केलेला परोपकार? 'स्मृतिचित्रे'तील नारायण वामन टिळक हे विशाल हृदयाचे कवी आहेत, दीनदुबळ्यांसाठी जीव टाकणारे आहेत. तेच टिळक शीघ्रकोपी आहेत, पैशाच्या बाबतीत बेफिकीर आहेत, आणि मनात आले की घर सोडून निघून जाणारे आहेत. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्या निर्णयाचे मोल पुढची काही वर्षे लक्ष्मीबाईंनी विरहाच्या रूपाने मोजले. टिळकांच्या श्रद्धेची सत्यता याने उणावत नाही. परंतु सत्य श्रद्धेचा माणूससुद्धा आपल्या मनाच्या अस्वस्थतेचा भार दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवू शकतो, हे कबूल करण्यास आमच्या प्रवचनांनी आजवर फारशी तयारी दाखविलेली नाही. लक्ष्मीबाईंनी ती दाखविली, आणि तीही प्रेम न सोडता.

आता त्यांच्या स्वतःच्या बचावाकडे पाहू. त्या पाहता पाहता हसवितात. विनोद हीही एक संरक्षण-यंत्रणाच आहे, हे फ्रॉइड यांनी १९२७ च्या एका लहानशा निबंधात स्पष्ट केले आहे. मग वडिलांचे धुणे आणि लेकीचे हसणे यांत फरक कोणता? दोन्ही दुःखापासूनचे आडोसेच ना?

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. लक्ष्मीबाईंच्या विनोदाने टिळकांच्या वागण्याला एक प्रकारची सूट मिळते, वाचक हसतो आणि एका स्त्रीवर झालेला अन्याय हसण्यावारी नेतो, असे कोणी म्हटल्यास ते सर्वस्वी चूक ठरणार नाही. आमच्याच व्यासपीठांवरून तसे घडलेले आम्ही ऐकले आहे. पण तो दोष ऐकणाऱ्याचा आहे. मूळ पुस्तकात विनोद घटना पुसत नाही. अपत्यांचे मृत्यू, विरह, अपमान, प्लेगचे दिवस हे सर्व तेथे आपापल्या जागी आहे. कशाचेही नाव बदललेले नाही. वडिलांच्या यंत्रणेने भयाला विटाळ हे खोटे नाव दिले. लेकीच्या यंत्रणेने दुःखाला दुःखच म्हटले, आणि मग त्याच्याकडे पाहून ती हसली. शिवाय ती हसते ते बहुधा प्रथम स्वतःला. म्हणजे मोलही तिने स्वतःच्याच पदरचे मोजले. वाचकाला मात्र त्यातून आधार मिळाला. आडोसा बांधणारीने तो इतका रुंद बांधला की त्यात आणखी कोणाला उभे राहता यावे.

याच ओघात लक्ष्मीबाईंचे स्वतःचे सोवळे कसे सुटले, तेही पाहण्यासारखे आहे. ख्रिस्ती झालेल्या पतीकडे परत आल्यावरही त्यांनी आपले खाणेपिणे वेगळे ठेवले होते. टिळकांनी तेथे बळजबरी केली नाही. जातिभेद ईश्वराने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हा निष्कर्ष लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने काढला, आणि एकदा काढल्यावर मागे पाहिले नाही. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. घराबाहेर जाण्यास घाबरणाऱ्या एका घरातली ही मुलगी पुढे दुसऱ्यांच्या पोरक्या मुलांनी आपले घर भरून टाकते. पित्याच्या घरी जे दार धुतल्यावाचून उघडत नव्हते, ते लेकीच्या घरी उघडेच राहिले.

मात्र एक सावधगिरी येथे बाळगली पाहिजे. सोवळे म्हणजे एका घाबरलेल्या गृहस्थाच्या मनाचा विकार, एवढेच म्हणून थांबलो तर आपण स्वतःच एक मोठा आडोसा शोधला असे होईल. त्या गृहस्थाच्या भयाला विटाळाचे रूप मिळाले, कारण विटाळाची व्यवस्था समाजाने आधीच सिद्ध करून ठेवली होती. आणि त्या व्यवस्थेचे खरे मोल त्या घराच्या बाहेर, गावकुसापलीकडे, पिढ्यान्‌पिढ्या भरले जात होते. आम्हां ख्रिस्ती लोकांनाही येथे हात झटकता येणार नाहीत. गोव्यातील काही कॉन्फ्रारियांचा इतिहास जातीच्या कुंपणांचा इतिहास आहे. आमच्या कित्येक धर्मग्रामांत सोयरीक ठरविताना कोणता प्रश्न हळूच विचारला जातो, हे प्रत्येक धर्मशिक्षकाला ठाऊक आहे. 'आमच्यात तसे काही नाही' हे उत्तर आम्ही किती चटकन देतो! मानसशास्त्रात यालाच नकार म्हणतात.

हे वाचताना शुभवर्तमानातील दोन धुणी आम्हांला आठवतात. पहिले पिलाताचे. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात तो जमावासमोर पाणी घेऊन हात धुतो. झालेले न झाल्यासारखे करण्याचा याहून ढळढळीत नमुना नाही. त्याचे हात धुतले गेले आणि मोल येशूने भरले. दुसरे धुणे योहानाच्या तेराव्या अध्यायातले. तेथे गुरू शिष्यांचे पाय धुतो आणि पेत्र पाय मागे घेतो. ते पाय मागे घेणे नम्रतेचे दिसते. पण तो बचाव आहे. ज्याला कोणी धुवावे लागत नाही, असे राहण्याची ती धडपड आहे. लगेच पुढच्या श्वासात तो हातपाय आणि डोकेही धुवा म्हणतो. एका टोकाचा बचाव फसला की माणूस दुसऱ्या टोकाला जातो, हे मानवी मनाचे किती अचूक चित्र! येशू त्याला रागावत नाही. पेत्र घाबरला आहे हे जाणून तो त्याला थोडक्यात समजावितो, आणि पाय धुतो.

नाथानानेही दाविदाशी असेच केले. शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथातील बाराव्या अध्यायात तो राजाच्या बचावावर चाल करून जात नाही. तो एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगतो. दाविदाचा स्वतःवरील राग गोष्टीतल्या श्रीमंतावर उफाळतो, आणि तो पुरता बाहेर आल्यावरच नाथान त्याला त्याचे नाव देतो. त्या प्रसंगाशी परंपरेने जोडलेल्या एकावन्नाव्या स्तोत्रात दावीद स्वतःला धूत नाही. देवाने आपल्याला धुवावे अशी विनवणी करतो. सोवळे आणि प्रायश्चित्त यांतील अंतर एवढेच, पण ते फार मोठे आहे.

आमच्या सेवेच्या आरंभीच्या वर्षांतील एक प्रसंग येथे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. सीमाभागातील एका धर्मग्रामात एक निवृत्त गुरुजी खजिनदार होते. त्यांची पत्नी वारली, आणि तिसऱ्या दिवसापासून ते पुन्हा हिशेबाच्या वहीवर बसले. आम्ही भेटीस गेलो की ते वही उघडत, मेणबत्त्यांचा खर्च सांगत, छपराच्या कौलांचा अंदाज सांगत. पत्नीचे नाव निघत नसे. आम्ही नुकतेच सेमिनरीतून बाहेर पडलो होतो आणि आमच्याजवळ नव्या विद्येचे शब्द होते. एके संध्याकाळी आम्ही म्हणालो, "गुरुजी, या वहीआड तुम्ही दुःख लपविता आहात."

"असेल, फादर," ते म्हणाले. त्यांनी वही मिटली, आम्हांला चहा दिला, फाटकापर्यंत पोहोचवावयास आले. पुढच्या रविवारी मिस्सानंतर ती वही कापडात नीट गुंडाळून, वर पेटीच्या किल्ल्या ठेवून, त्यांनी आमच्या हाती दिली. "एकदा तपासून घ्या, फादर. चूक निघायची नाही." त्यानंतर ते चर्चमध्ये मागच्या बाकावर बसत आणि मिस्सा संपण्याच्या आधी उठून जात.

आमचे निदान कदाचित बरोबर होते. पण त्या माणसापाशी उभे राहावयास तेवढी एक वही होती, आणि ती आम्ही काढून घेतली. पुष्कळ वर्षांनी आमच्या ध्यानात आले की त्या संध्याकाळी त्या खोलीत दोन आडोसे होते. त्यांच्या दुःखाजवळ मुकाट्याने बसण्याची आम्हांला भीती वाटत होती. त्या भीतीपासून आम्ही शास्त्राच्या शब्दांआड लपलो होतो. त्यांच्या आडोशाने कोणाचेही काही बिघडले नव्हते. उलट धर्मग्रामाचा हिशेब चोख राहिला होता. आमच्या आडोशाचे मोल मात्र त्यांनी भरले.

यास्तव आमचे म्हणणे असे की, संरक्षण-यंत्रणांचे ज्ञान धर्मगुरूने व धर्मशिक्षकाने जरूर मिळवावे, पण ते प्रथम स्वतःवर वापरावे. घरभेटीत वा प्रायश्चित्त-संस्कारात कोणाचा बचाव दिसला तर त्याला नाव देण्याची घाई करू नये. आधी पाहावे की त्याचे मोल कोण भरते आहे. भरणारा तोच असेल, आणि भार त्याला पेलत असेल, तर त्याच्याजवळ बसावे. पाऊस ओसरला की माणूस आडोशाबाहेर आपण होऊन येतो. भरणारे दुसरेच कोणी असेल, जलालपूरच्या घरातील आईसारखे, तर गप्प बसणे हेही पाप ठरेल. मग प्रथम त्या भरणारीची बाजू घ्यावी, आणि बचाव करणाऱ्याशी नाथानाप्रमाणे धीराने बोलावे. हा धीर आपल्या अंगचा नाही. माणसाच्या सर्व बचावांचे मोल वधस्तंभावर एकाने भरून टाकले आहे, या श्रद्धेतून तो येतो. ज्याचे देणे फिटले आहे त्याला लपण्याचे कारण हळूहळू उरत नाही.

येत्या उपवासकाळात धर्मशिक्षणाच्या वर्गांतून 'स्मृतिचित्रे'ची आरंभीची पाने वाचावीत, अशी आमची सूचना आहे. पुस्तक आमच्या पंथातील नाही, ही अडचण आता कोणी काढू नये. ती पाने वाचून झाल्यावर काही शिकविण्याची गरज नाही. आपापल्या घरात काय धुतले जाते आणि पाणी कोण ओढते, एवढे प्रत्येकाने मनाशी आठवावे. आणि पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी चालू असताना जो कोणी संकोचाने पाय मागे घेईल, त्याच्यासाठी धर्मगुरूने क्षणभर थांबावे.